टेकूवरचा शेंदूर

बालाघाटच्या विमानपट्टीवर त्या काळी एकच विमान होतं. लढाईच्या दिवसांतलं, दोन माणसं बसतील एवढं, कापडी पंखांचं. मँगनीजच्या ठेक्यांत वर आलेल्या एका शेठजींनी ते नागपूरच्या लिलावात उचललं, एकदा हौसेनं त्यात बसले, पोटातलं सगळं बाहेर काढून खाली उतरले आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून ते विमान खाणीतल्या दगडांचे नमुने नागपूरला न्यायचं, येताना यंत्रांचे सुटे भाग आणायचं, आणि कुणी फारच आजारी असलं तर त्याला मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. गावानं त्याला 'उडनबंडी' म्हणायला सुरुवात केली होती. बंडीला जेवढा मान असतो तेवढाच त्यालाही होता. दसऱ्याला मात्र तो वाढायचा.

उडनबंडीची माणसं तीन. चालवणारे कॅप्टनसाहेब, नागपूरचे, हसतमुख. दुरुस्ती बघणारा डोमाजी मिस्तरी. तो लढाईच्या दिवसांत गोंदियाजवळ बिरसीच्या पट्टीवर गोऱ्यांच्या हाताखाली पाने-हातोडे उचलता उचलता हे काम शिकला होता. आणि चौकीदार भैयालाल, लालबर्ऱ्याकडचा पोवार शेतकरी, ज्याचा विश्वास देवावर होता, कॅप्टनसाहेबांवर होता आणि विमानावर मुळीच नव्हता. म्हणून तर तो त्याची इतकी पूजा करायचा.

पावसाळा सरता सरता एका सकाळी भैयालालनं विमान शेडमधून बाहेर ढकलायला घेतलं. अशा विमानाच्या प्रत्येक पंखाला खालून पोलादी नळीचा तिरपा टेकू असतो. वरचं टोक पंखाला, खालचं चाकाजवळ अंगाला. पंखाचा सगळा भार त्याच्यावर. भैयालालनं नेहमीसारखा डाव्या टेकूच्या खालच्या टोकाशी हात घातला, छातीचा जोर लावला, आणि पापड मोडावा तसा आवाज झाला. टेकू त्याच्या हातात चेपला. पंख वीतभर खाली आला आणि तिथंच लोंबकळत राहिला.

कॅप्टनसाहेब शेडच्या दारात उभे होते, पायांत बूट, हातात नकाशा. चहा संपला की ते त्याच विमानातून नागपूरला निघणार होते.

भैयालालनं आधी हाताकडे बघितलं, मग पंखाकडे, मग आभाळाकडे. आणि तो चाकापुढं आडवाच झाला. "बजरंगबली! बजरंगबलीनं वाचवलं, साहेब! वरती मोडलं असतं तं? देवानं हे जमिनीवरच मोडून देल्लं!"

"देव तारी त्याला कोण मारी," कॅप्टनसाहेब म्हणाले. ते हसले, पण नकाशाची घडी काही त्यांना घालता येईना. "डोमाजी, बघ रे काय झालंय."

डोमाजी वाकला. टेकूच्या खालच्या टोकावर वर्षावर्षाचा शेंदूर चढून त्याचा जाड थर झाला होता, गावाबाहेरच्या मारुतीवर असतो तसा. तो थर आता फुटला होता, आणि फटीतून काळंतांबडं, गंजाचं पाणी टपटप खाली पडत होतं. डोमाजीनं ते बोटावर घेतलं, चोळून बघितलं.

"आतून गंजला, साहेब," तो म्हणाला.

"आतून? बाहेरून तर रंग ठीक आहे."

"आतूनच गंजते हे."

एवढंच बोलून तो पाना आणायच्या निमित्तानं शेडमध्ये गेला आणि अंधारात भिंतीला हात टेकून उभा राहिला. कुणी त्याला विचारलं असतं की हे तुला आत्ता कळलं का, तर त्याला हो म्हणता आलं नसतं.

त्याला ठाऊक होतं. पहिल्या दसऱ्यापासून ठाऊक होतं.

दसरा म्हणजे डोमाजीसाठी नागपूर. छप्पन्न साली तो बायकोला घेऊन तिथं गेला होता, लाखोंच्या गर्दीत उभा राहून दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी छोट्या लाइनीनं गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर, हा नेम त्यानं मोडला नव्हता. विमानाच्या नोकरीतल्या पहिल्या वर्षी तो असाच नागपूरहून परतला आणि बघतो तर भैयालालनं पूजा मांडून ठेवलेली. पुढच्या पंख्याला झेंडूचा हार, चाकाखाली नारळाची करवंटी, आणि डाव्या टेकूच्या खालच्या टोकाला तेलात कालवलेला शेंदूर, चांगला बोटभर. तिथंच का, तर ते टोक हाताच्या उंचीवर येत होतं आणि भैयालालला ते मारुतीच्या खांद्यासारखं दिसत होतं.

आता त्या टोकाला एक बारीक भोक असतं. नळीच्या आत दमट हवेचं पाणी साचतं, ते तिथून निघून जावं म्हणून कारखान्यानंच ठेवलेलं. शेंदरानं ते बुजलं होतं. डोमाजीनं खिशातली तार काढली आणि भोकाभोवतीचा शेंदूर खरवडायला लागला. एवढंच. त्यात देवाचा अपमान करायचा त्याचा विचार नव्हता; खरं सांगायचं तर देवाचा विचारच नव्हता.

भैयालाल मागून ओरडला. "मिस्तरी! देवाले लोखंड लावलं तुनं?"

"देवाले नाही रे बाबा. थ्या भोकातून पाणी जाते, थे मोकळं करून राह्यलो."

"तुमी लोकं देवाले सोडून गेले न? गेले तं गेले. मंग आमच्या देवाले काहून हात लावता?"

आणि तो तरातरा गेला, कोनाड्यातली गंगाजळाची बाटली घेऊन आला आणि त्यानं तो टेकू धुतला. मग चाक धुतलं. मग जिथं जिथं डोमाजीचा हात टेकला असेल असं त्याला वाटलं तिथं तिथं शिंतोडे मारले. शेवटी पुन्हा नवा शेंदूर लावला, आधीच्यापेक्षा जाड. इंजिन मात्र धुतलं नाही. त्याच सकाळी डोमाजीनं ते दोन्ही हात कोपरापर्यंत घालून साफ केलं होतं. पण इंजिनाला विटाळ नसतो, बिघाड असतो.

कॅप्टनसाहेब तिथंच खुर्ची टाकून संत्रं सोलत बसले होते. त्यांनी सगळं बघितलं. डोमाजी त्यांच्याकडे बघत राहिला, की आता हा शिकलेला माणूस काहीतरी बोलेल. साहेब म्हणाले, "जाऊ दे रे डोमाजी, देवाधर्माचं आहे." आणि एक फोड तोंडात टाकली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. डोमाजीनं तार खिशात ठेवली आणि मनाशी ठरवलं की ज्या जागी ह्यांचा देव बसतो त्या जागी आपला हात जाणार नाही. देखू त्यांच्या देवाले.

पहिल्या वर्षी त्याला वाटलं, एका पावसाळ्यानं काय होतं. दुसऱ्या वर्षी वाटलं, साहेबांना आपणहून कळेल. तिसऱ्या वर्षी त्यानं न राहवून शेंदराच्या वरच्या अंगाला बोटानं टिचकी मारली. पोकळ नळीनं ठणकायला हवं होतं. आवाज आला भिजल्या लाकडाचा. त्यानं हात झटकन मागं घेतला आणि पुन्हा कधी टिचकी मारली नाही. बाकी सगळं विमान तो आरशासारखं ठेवायचा. एक तार ढिली नसायची, एक खिळा गंजलेला नसायचा. टेकूच्या त्या एका टोकावरून मात्र त्याची नजर दरवेळी घसरून जायची.

आणि इथंच ती गोष्ट होती, जी आठवली की त्याचे कान तापायचे. काही दुरुस्ती केली की चाचणीच्या फेरीला मिस्तरीनं स्वतः शेजारी बसायचं, ही बिरसीपासूनची रीत. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं आधी वर जायचं. पहिली दोन वर्षं डोमाजी बसत होता, हौसेनं बसत होता. त्या टिचकीनंतर तो बसेनासा झाला. "मले चक्कर येते, साहेब," असं त्यानं सांगून टाकलं. साहेबांना तो एक खेळच सापडला. दर खेपेला रिकाम्या सीटवर थाप मारून ते हाक मारायचे, "चल रे डोमाजी, नागपूरची हवा खाऊन येऊ!" डोमाजी मान हलवायचा. "भित्रा कुठला," म्हणून साहेब हसत हसत उडून जायचे, त्याच टेकूच्या भरवशावर. येताना साहेबांच्या बायकोनं डोमाजीच्या पोरीसाठी, शीलासाठी, संत्री पाठवलेली असायची. शीला ती खायची आणि डोमाजी बाहेर जाऊन बसायचा.

टेकू मोडला त्या संध्याकाळी त्यानं घरी सगळं सांगितलं. त्याची बायको अनुसया धान पाखडत होती. चक्कर खोटी आहे, हे तिला एकटीला माहीत होतं. तेव्हा तिनंच म्हटलं होतं, नका बसू.

"बरंच झालं, अजी, तुमी बसत नव्हते थे," ती म्हणाली. सूप दोनदा वर गेलं, खाली आलं. मग ते थांबलं. "पण काही झालं असतं तं त्या साहेबाच्या बायकोले काय सांगतलं असतं तुमी? तिचे संत्रे खाल्ले न आपण."

डोमाजी खाली सांडलेले दाणे वेचायला लागला. तिनं पुन्हा सूप उचललं. बायको भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नवे टेकू यायला दसऱ्याचा आदला दिवस उजाडला. लांबलचक लाकडी खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेले. दोन्ही बाजूंचे बदलायचे होते. साहेबांनी सांगितलं, आज लावून आजच उडवून बघू. उद्या सगळेच सुटीवर. ते शेडच्या पलीकडच्या खोलीत जाऊन बसले आणि शेडमध्ये डोमाजी आणि भैयालाल दोघंच राहिले.

टेकू बदलायचा म्हणजे आधी पंखाला दुसरा आधार द्यायचा. डोमाजीनं दोन्ही पंखांखाली लाकडाच्या उंच घोड्या उभ्या केल्या आणि त्यांच्यावर धानाच्या कोंड्यानं भरलेली पोती ठेवली, कापडाला दुखू नये म्हणून. पंख त्यांवर हळूच विसावले. मग उजवा टेकू सोडवला. त्याच्या भोकावर कधी शेंदूर चढला नव्हता. तो ठणठणीत निघाला. डोमाजीनं त्याला टिचकी मारली. ठण्ण. त्याला तो आवाज नको होता.

भैयालाल सकाळपासून खुशीत होता. त्याच्या लेखी सगळा हिशेब साफ होता. देवानं साहेबांचा जीव राखला, आता देवाला नव्या टेकूवर भरघोस शेंदूर. कोपऱ्यात थाळी तयार होती. शेंदूर, तेल, झेंडू, नारळ.

"धरून ठेव," डोमाजी म्हणाला. "ओढू नोको. बोल्ट आपल्या हातानं आत गेला पाह्यजे. ठोकावा लागला तं समज काही वाकडं हाय."

भैयालालनं नवा टेकू दोन्ही हातांवर झेलून धरला, तान्हं लेकरू धरावं तसा. डोमाजीनं जुन्या टेकूशी त्याची लांबी जुळवली, टोकाचा आटा अर्धा फेरा आत घेतला, पुन्हा जुळवली. बोल्ट बोटानं ढकलला. तो सरळ आत गेला. वर नट आणि तो सुटू नये म्हणून नटातून खिळपिन. मग दोघं डाव्या बाजूला आले.

नव्या टेकूचं खालचं टोक वाकलेल्या भैयालालच्या तोंडासमोर होतं. त्यानं ते न्याहाळलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मिस्तरी, हे तं कारखान्यातूनच फुटकं आलं न. हे पाह्य, भोक."

डोमाजीचा हात बोल्टवर थांबला.

"बुजवून टाकू का?" भैयालाल म्हणाला. "माह्याजवळ लाख हाय. अशी बसवतो, का पाण्याचा थेंब आत जाणार नाही."

आत जाणार नाही! डोमाजीला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. त्यानं पाना खाली ठेवला, मोडका टेकू ओढून आणला आणि करवतीनं त्याचं टोक कापलं. आत गंजाचा लगदा होता, आणि नळी कांद्याच्या सालीएवढी उरली होती. मग त्यानं बाहेरचा शेंदूर ठोकून काढला. शेंदराखाली भोक होतं. त्यात शेंदराचा बुच बसला होता, दगडासारखा.

"पाणी आत जाऊ नये म्हणून नाही, भाऊ," तो म्हणाला. "आतलं बाहेर यावं म्हणून हाय थे."

भैयालाल अडाणी होता, मठ्ठ नव्हता. त्यानं बुच बघितला, भोक बघितलं, स्वतःचं बोट बघितलं. ज्या बोटानं तो शेंदूर लावायचा ते. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं आपण हसत हसत म्हणतो; इथं माकडानं माणूस मारला असता. भैयालाल हळूहळू जमिनीवर बसला.

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "देवानं नाही मोडलं. मी मोडलं. माह्याच हातानं साहेब मेले असते." मग त्यानं वर बघितलं. "मिस्तरी, तुले मालूम होतं न? मंग तुनं सांगतलं काहून नाही?"

हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून डोमाजीनं इतकी वर्षं उत्तर घासूनपुसून तयार ठेवलं होतं. "सांगतलं होतं," तो म्हणाला. "पयल्या दसऱ्याले. तार घेऊन साफ करून राह्यलो होतो. तुनं गंगाजल आणून धुतलं. माहे हात लागलेली जागा धुतली तुनं, भैयालाल."

भैयालालनं कपाळाला आठ्या घालून मनापासून आठवायचा प्रयत्न केला. त्यात लबाडी नव्हती.

"धुतलं असन," तो म्हणाला. "मले याद नाही."

डोमाजी त्याच्याकडे बघतच राहिला. ज्या दिवसानं त्याची झोप घालवली होती, ज्याच्या रागावर तो इतकी वर्षं जगला होता, तो दिवस ह्या माणसाच्या लक्षातच नव्हता. दात-ओठ खाल्ले होते ते आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि त्या रागासाठी त्यानं पणाला काय लावलं होतं, तर तिसऱ्याच माणसाचा जीव. डोमाजीला लाज वाटली. भैयालालची वाटायला हवी होती, ती आधी थोडी वाटलीही, पण मागून जी आली ती सगळी स्वतःचीच होती.

"काम संपवू आपण," तो एवढंच म्हणाला.

डावा टेकू बसला. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून डोमाजीनं पातळी बघितली, पाणसळ लावली, आटा पाव फेरा फिरवला, पुन्हा बघितली. हात चुकत नव्हते. हातांना लाज नसते, हे किती बरं आहे.

भैयालालनं थाळी उचलली आणि खाली ठेवली. "मंग उद्या शेंदूर लावू कुठं?" त्यानं विचारलं, लहान आवाजात.

"चाकाच्या टोपीले लाव. तिथं काही होत नाही."

"हौ." भैयालालनं डोळे पुसले, टोपी सारखी केली. "मी साहेबाले सांगून येतो. माही चूक हाय, मीच सांगन. नोकरी गेली तं गेली."

आणि तो निघाला. डोमाजी मागोमाग गेला, पण दारापाशी थबकला. तो 'माही चूक' म्हणाला होता. मिस्तरीला आधीपासून ठाऊक होतं ही गोष्ट भैयालालच्या सांगण्यात येणारच नव्हती. त्याच्या लेखी पाप ज्याच्या बोटाला शेंदूर त्याचं. डोमाजीनं गप्प बसायचं होतं फक्त. तेवढं तर त्याला चांगलं जमत होतं.

कॅप्टनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कापलेली नळी हातात घेऊन आत बघितलं, आणि त्यांचा रंग उडाला. मग त्यांनी भैयालालला झाडायला सुरुवात केली, गाढवापासून खुन्यापर्यंत. भैयालाल मान खाली घालून प्रत्येक शब्दाला "हौ साहेब" म्हणत होता. दमल्यावर साहेबांनी दाराकडे बघितलं.

"आणि तुलाही दिसलं नाही होय रे, डोमाजी? पण तू तरी काय करणार. एवढ्या शेंदराखाली कुणाला दिसणार आहे!"

वाट मोकळी होती. साहेबांनीच करून दिली होती. डोमाजीला भैयालालची वाकलेली मान दिसली, आणि टेबलावर, साहेबांच्या पिशवीतून डोकावणारी दोन संत्री दिसली, शीलासाठी आलेली.

"दिसलं होतं, साहेब," तो म्हणाला. "पयल्या वर्षापासून मालूम होतं मले. टिचकी मारून पाह्यली होती. आवाज बद्द होता."

भैयालालची मान वर आली. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग काहीतरी एकेक करून जुळत गेलं.

"म्हणून तू बसत नव्हतास," ते म्हणाले.

गंगाजळाची गोष्ट डोमाजीच्या जिभेवर आली होती. खुर्ची, संत्रं, 'जाऊ दे रे डोमाजी', सगळं. ते खरं होतं, आणि साहेबांनी ते ऐकायलाही हवं होतं, एखाद्या दिवशी. पण साहेबांनी जे म्हटलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

"हौ," डोमाजी म्हणाला.

साहेबांनी कापलेली नळी टेबलावर ठेवली. बोटांना लागलेला गंज रुमालाला पुसला. "घोड्या काढा," ते म्हणाले. "उडवून बघू."

डोमाजीनं घोड्या काढल्या. पंख आपल्या भारावर आले आणि नवे टेकू किंचित कुरकुरून गप्प झाले. त्यानं नळावर हात कोपरापर्यंत धुतले, खुंटीवरचा स्वच्छ सदरा घातला आणि विमानाच्या दाराशी येऊन उभा राहिला. आज चक्कर येणार नव्हती. साहेबांनी सीटवर थाप मारली की लगेच चढायचं, एक शब्द न बोलता, असं त्यानं ठरवलं होतं. काही फिटणार नव्हतं त्यानं, पण बसायचं होतं.

साहेब आत जाऊन बसले, पट्टा आवळला, कळा बघितल्या. मग त्यांनी मान वळवली. नजर डोमाजीवर आली, तशीच पुढं गेली.

"भैयालाल, बसतोस?"

"मी?" भैयालालनं मागं बघितलं, दुसरा कुणी भैयालाल असल्यासारखं. जन्मात तो गाडीच्या टपावरसुद्धा चढला नव्हता. "बसतो न, साहेब. माह्यामुळं झालं, तं मीच बसतो."

देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा त्यानं चपला काढून ठेवल्या आणि तो आत चढला. त्याला पट्टा बांधायचं काम डोमाजीचं. तो वाकून बकल अडकवत असताना भैयालालनं एकदम त्याचं मनगट घट्ट धरलं. हात बर्फासारखा गार होता. नंतर हात धुवायचे वगैरे आत्ता भैयालालच्या मनात नव्हतं.

"मिस्तरी," तो हळूच म्हणाला, "बरोबर लावलं न?"

"हौ. बरोबर लावलं."

"मंग ठीक हाय," भैयालाल म्हणाला आणि त्यानं मनगट सोडलं. इतक्या सहज सोडलं की डोमाजीला तिथं उभं राहवेना.

पंखा फिरला, धुरळा उठला, विमान पट्टीवर धावत गेलं आणि भरवेलीच्या टेकड्यांच्या बाजूला उचललं गेलं. डोमाजी डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. पंख ह्या बाजूला झुकत नव्हते, त्या बाजूला झुकत नव्हते. दोरा ताणावा तसे सरळ होते. काम चोख झालं होतं. विमान वळून पट्टीवरून बरंच खाली येऊन गेलं तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला. भैयालाल ओरडत होता, बहुतेक बजरंगबलीच्या नावानं.

डोमाजीनंही हात वर केला, पण तो खांद्यापर्यंतच गेला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याला त्या विमानात बसायचं होतं, आणि आज त्याला कुणी हाक मारली नव्हती.